अटी कळवल्या होत्या, फक्त आम्हाला नाही

आमचा धंदा आधी सांगते, नाहीतर पुढचे रडगाणे कळणार नाही. नवरा लग्नांची आणि देवळातल्या उत्सवांची शूटिंगे करतो, मी माशेलच्या घरी बसून एडिटिंग करते. गोव्यातल्या देवळांचे निम्मे कुळावी, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणारी घराणी, मुंबई-पुण्यात राहतात. उत्सवाला येणे जमले नाही तर त्यांना तो घरबसल्या बघायचा असतो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या खालोखाल आमचे पोट इंटरनेटवर चालते. त्यातही डाउनलोडपेक्षा अपलोडवर, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या मालावर.

मे महिन्यात आम्ही नवीन कनेक्शन घेतले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट तीच राहील, हे चार ओळखीच्यांशी बोलल्यावर माझ्या लक्षात आले. १०० एमबीपीएस, जाताना-येताना सारखाच वेग, अनलिमिटेड, राउटर फुकट. वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिना ८०० रुपये, म्हणजे ९,६००, आणि जोडणीचे १,५०० वेगळे. वायर ओढायला आलेला मुलगा जवळच्याच गावचा, तरतरीत, बोलायला गोड. मी त्याला स्पष्ट विचारले, आमच्या फाइली फार मोठ्या असतात, काही मर्यादा वगैरे नाही ना? तो म्हणाला, "वैनी, कितेंय करात, सोंपचेंना." काहीही करा, संपणार नाही.

फॉर्म त्यानेच त्याच्या मोबाइलवर भरला. बाहेर रणरणते ऊन, मी त्याला कोकम सरबत दिले, तो सोप्यावर बसून टाइप करत होता. आधारचा फोटो काढला, सही बोटाने घेतली. ओटीपी आला, त्याने घातला, काम झाले. किती झटपट, असे मला तेव्हा वाटले. ओटीपी कोणाच्या फोनवर आला, हे मात्र मी बघितले नाही.

जून बरा गेला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, झाला. पुण्याच्या एका मंडळींना त्याचे कच्चे फुटेज हवे होते. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास. आमच्या कॅमेऱ्यात एका तासाच्या फोर-केचे साधारण ४५ जीबी होतात, म्हणजे एकूण २७० जीबी. इथे एक हिशेब सांगते, कारण तिथेच माणूस गंडतो. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १०० नव्हे, जेमतेम साडेबारा एमबी जातात. त्या वेगाने ४५ जीबी जायला एक तास लागतो, २७० ला सहा तास. रात्री लावून झोपले तर सकाळी पाववाल्याच्या हॉर्नपर्यंत सगळे पुण्यात.

पहिल्या रात्री दोनदा तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारपासून वेग २ एमबीपीएसवर आला, तो तिथेच चिकटून बसला. या वेगाने ४५ जीबीला ५० तास लागतात! ग्राहक सेवेतल्या मुलीने राउटर बंद करून चालू करायला सांगितले. मग म्हणाली, पावसामुळे केबलमध्ये दोष असेल, माणूस पाठवतो. माणूस आला, खांबावर चढला, उतरला, गेला. शेवटी नवऱ्याने हार्ड डिस्क घेतली आणि रात्रीच्या बसने पुण्याला नेऊन दिली. तीन-चार दिवसांनी महिना फिरला आणि वेग आपोआप परत आला. ग्राहक सेवेतून फोन आला, "मॅडम, प्रॉब्लेम सॉल्व केला आहे." मी त्यांचे आभार मानले, वर पाच तारेही दिले.

खरा तमाशा चवथीला झाला. इथल्या एका घरच्या गणपतीची रात्री आठची आरती डोंबिवलीतल्या त्यांच्या नातेवाइकांना लाइव्ह दाखवायची होती. लाइव्हला मला सहा एमबीपीएस पुरतात, आणि माझ्याकडे कागदावर शंभर होते. घर आमच्याच आळीतले, म्हणून आमचीच लाइन तिथपर्यंत नेली. आरती सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला गणपतीचे चौकोन झाले. आवाज येतोय, चित्र नाही. मग चित्र आहे, आवाज नाही. डोंबिवलीची पंचाऐंशी वर्षांची आजी फोनसमोर हात जोडून बसली होती, आणि तिचा मुलगा मला व्हॉट्सॲपवर मेसेजवर मेसेज पाठवत होता. मी घाईघाईने स्पीड टेस्ट केली. ९४! वर ९४, खाली ९४. म्हणजे दोष माझ्याच लॅपटॉपचा, असे मी धरून चालले. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

पुण्यात माझ्या बहिणीचा मुलगा नेटवर्किंगमध्ये आहे. त्याला फोन केला तर तो हसला. "मावशी, स्पीड टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा त्याच कंपनीच्या जाळ्यात बसवलेला असतो. तू घरापासून माशेलच्या तिठ्यापर्यंतचा रस्ता मोजतेस. गाडी अडकते बाणस्तारीच्या पुलावर." शिवाय ती टेस्ट ओळखून तेवढीच मोकळी सोडणेही अशक्य नसते, असे त्याने सांगितले.

त्याने मला नोंदींची वही ठेवायला लावली. वायफाय नाही, लॅपटॉपला थेट लॅनची वायर लावायची. एकच दोन जीबीची फाइल सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला त्याच जागी पाठवायची आणि मिनिटे लिहायची. रात्री नऊला लगेच दुसऱ्यांदा, व्हीपीएन लावून, म्हणजे माल बंद पाकिटासारखा झाकून नेणारी सोय वापरून. सहा दिवस केले. सकाळी आणि दुपारी फाइल तीन-चार मिनिटांत जायची. रात्री सव्वा ते दीड तास. आणि व्हीपीएन लावले की त्याच रात्री, त्याच वायरवरून, पाच-सहा मिनिटांत. व्हीपीएनमधून गेले की आत काय चालले आहे ते कंपनीला दिसत नाही. भाच्याने मात्र बजावले, यावरून शंभर टक्के सिद्ध होत नाही, व्हीपीएनने कधी कधी माल दुसऱ्याच वाटेने जातो आणि ती वाट रिकामी असू शकते. पण सहाच्या सहा रात्री सारखेच घडले तर प्रश्न विचारायला तेवढे पुरे.

वही घेऊन आम्ही दोघे फोंड्याच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर सभ्य होते, बसा म्हणाले. मी वही पुढे केली. त्यांनी ती न उघडताच सांगितले की संध्याकाळी सात ते अकरा गर्दी असते, म्हणून मोठे अपलोड 'मॅनेज' करावे लागतात, सगळ्याच कंपन्या करतात. "आणि तुमचा प्लॅन ५०० जीबीचा आहे. जाणारे आणि येणारे दोन्ही धरून. त्यानंतर २ एमबीपीएस. सगळे वेबसाइटवर आहे."

म्हणजे जुलैत केबलला काही झालेच नव्हते. खांबावर माणूस उगीच चढला होता.

मी तिथेच फोनवर वेबसाइट काढली. मोठ्या अक्षरात अनलिमिटेड. त्याच्या शेजारी एक बारीक चांदणी. तळाशी चांदणीसमोर 'अटी लागू'. त्यावर दाबले की इंग्रजी पीडीएफ उघडते, आणि त्यात ५०० चा आकडाच नाही. तो दुसऱ्या पीडीएफमध्ये. सात ते अकराचे तर कुठेच नाही. त्याऐवजी एक लांबलचक वाक्य आहे, ज्याचा अर्थ असा की सर्व ग्राहकांना चांगला अनुभव मिळावा म्हणून कंपनी वेळोवेळी योग्य ते व्यवस्थापन करील. किती वाजता, कोणत्या कामाला, किती वेगापर्यंत, काही नाही.

मला गर्दी समजते. एका जाड वायरवर आख्खी आळी जगते, रात्री सगळे एकदम मालिका बघतात, तेव्हा कोणाला तरी थोडे थांबवावे लागणार. ते आधी सांगा ना! मी लाइव्हसाठी वेगळी सोय केली असती, नाहीतर तुमच्याकडे आलेच नसते.

मग मी नियम काढला. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्येच कंपन्यांना सांगितले होते की मर्यादा किती जीबीची, तोवर वेग किती आणि ती संपल्यावर किती, हे ग्राहकाला स्पष्ट कळले पाहिजे. २०१६ च्या आदेशात वर हेही आले की वापर ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के झाला की ग्राहकाला मेसेज पाठवायचा. आणि २०१८ पासून कंपन्यांच्या परवान्यातच नेट न्यूट्रॅलिटीची अट आहे. एखाद्या प्रकारच्या मालाला मुद्दाम अडवायचे किंवा रखडवायचे नाही. रहदारीचे वाजवी नियोजन चालते, पण ते गरजेपुरते, तात्पुरते आणि उघड हवे. रोज सात ते अकरा हे तात्पुरते कसे, असे मी विचारले. मॅनेजर म्हणाले, वर विचारून सांगतो.

"बरे, पण ५०, ९० आणि १०० टक्क्यांचे मेसेज कुठे आहेत?" हा प्रश्न मी विचारला तेव्हा काउंटरमागच्या मुलीने संगणक माझ्याकडे वळवला. जुलैच्या तीन तारखा होत्या, तिन्ही मेसेज पोचल्याची नोंद होती. अटी वाचल्या आणि मान्य केल्या, याचीही नोंद होती, मे महिन्यातली, ओटीपीसह. फक्त पुढे जो मोबाइल नंबर होता तो माझा नव्हता. नवऱ्याचाही नव्हता. नवऱ्याने खिशातून फोन काढून वायरवाल्या मुलाचा नंबर शोधला आणि काउंटरवर ठेवला. दहाच्या दहा आकडे तेच.

त्या मुलाला नंतर फोन केला. त्याला फार वाईट वाटले, ते खरेच वाटले असावे. दिवसाला आठ-दहा जोडण्या असतात, लोकांचे ओटीपी वेळेवर येत नाहीत, म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत, म्हणून तो आपलाच नंबर टाकतो आणि नंतर बदलायचा विसरतो. "वैनी, माका दिसाक तशे कितलेशेच मेसेज येतात, हांव वाचूंय ना." दिवसाला तसे कितीतरी येतात, तो वाचतही नाही. म्हणजे आमच्या आळीतल्या आणखी किती घरांची संमती त्याच्या खिशात आहे, देव जाणे. कंपनीच्या दफ्तरात मात्र सगळे रीतसर. ग्राहकाला कळवले, ग्राहकाने मान्य केले.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी कोणी मुलगा येऊन फॉर्म भरून गेला असेल, त्यांनी आज कंपनीच्या ॲपवर आपला नोंदलेला नंबर आणि ईमेल बघावा. दुसऱ्याचा निघाला तर लेखी कळवून बदलून घ्या. नवीन घेत असाल तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका, ८०० च्या जागी ९५० गेले तरी चालतील. आणि तोंडी उत्तर घेऊ नका. व्हॉट्सॲपवर विचारा: मर्यादा किती जीबी, अपलोड त्यात धरता का, नंतर वेग किती, कोणत्या वेळी कोणते काम हळू करता, सोडले तर पैसे किती परत. उत्तर आले नाही तर तेही एक उत्तरच.

तक्रारीचे सांगते. ट्रायकडे आपली एकट्याची तक्रार सुटत नाही, ते कंपनीकडेच पाठवतात. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यायचा. तिथे मिटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचे. त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. डॉकेट नंबर नसेल तर अपीलच घेत नाहीत. मी जुलैत फक्त फोनवर बोलत राहिले, त्यामुळे ते सगळे हवेत गेले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली, तिथली बाई मराठीत नीट बोलली. आणि कंपनी म्हणेल की टेलिकॉमचे ग्राहक आयोगात चालत नाही, तर ते खोटे आहे. चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

आमच्या अपिलात वही, व्हॉट्सॲपचे फोटो आणि त्या नंबरचा मुद्दा एवढेच जोडले होते. कनेक्शन सोडून उरलेले पैसे मागितले, तेव्हा तक्रार केंद्राकडून आधी 'वार्षिक प्लॅन परत होत नाही' असे उत्तर आले. अपिलात नंबरच्या मुद्द्यावर गाडी फिरली. उरलेल्या सात महिन्यांचे ५,६०० व्हायला हवे होते, ४,१०० आले. १,५०० राउटरचे म्हणून कापले. तोच राउटर, जो मे महिन्यात फुकट होता. संध्याकाळच्या सात ते अकराबद्दल निकालात एक अक्षर नाही.

राउटर कपाटावर आहे. त्या १,५०० साठी मडगावच्या आयोगात जायचे की नाही, यावर आमच्या घरात एकमत झालेले नाही. नवरा म्हणतो, पेट्रोल त्याहून जास्त जाईल. मी कागद लावून ठेवले आहेत.