गाडी भाड्याला टाकायची तर कशात? पांढरी पाटी, टुरिस्ट, काळी-पिवळी की अॅप

मागच्या महिन्यात मेव्हण्याचा फोन आला. कराडला असतो. "दाजी, अर्टिगा घेतोय, भाड्याला लावतो म्हणतोय, कशात टाकू?" मी म्हटलं आधी जेव, मग बोलू, कारण हे दोन मिनिटात सांगायचं काम नाही. माझी स्वतःची टुरिस्ट पासिंगची गाडी साताऱ्यातून चालते, सहा वर्षं झाली. त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून काढतोय, कारण असाच प्रश्न अजून चार जणांनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी तासभर फोन धरणं जमत नाही.

पहिली गोष्ट, सगळे पाटीच्या रंगावर अडकतात, पिवळी घेऊ का पांढरी. पण कायदा रंगाच्या आधी एकच बघतो, प्रवासी गाडीत कसा बसला? रस्त्यात हात करून बसला, आधी फोन करून अख्खी गाडी ठरवून बसला, अॅपवरून बसला की एक सीटचे पैसे देऊन बसला. या चारही तऱ्हांना नियम वेगळे. तुमचा धंदा यातल्या कुठल्या तऱ्हेचा होणार ते आधी ठरवा, परमिट कुठलं घ्यायचं ते मग आपोआप ठरतं.

पांढरी पाटी, "ओळखीतलीच भाडी करतो"

हा सगळ्यात स्वस्त वाटणारा मार्ग आणि आमच्याकडे निम्मी मंडळी याच्यावरच चालतात. प्रायव्हेट गाडी, लग्नाचं वऱ्हाड, नरसोबाची वाडी, पुण्याचं विमानतळ, पैसे रोख. टॅक्स एकदाच भरला, फिटनेसची (आरटीओत गाडी तपासून घ्यायची) कटकट नाही, वेग नियंत्रक नाही, विकताना भाव चांगला येतो. खरंय सगळं. पण मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमात परमिटशिवाय भाड्याने गाडी चालवायची नाही असं सरळ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९२-अ मध्ये पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झालीय. शिवाय गाडी अडकवून ठेवता येते ती वेगळीच.

लोक म्हणतात पाहुणे आहेत असं सांगायचं. आनेवाडी टोलला मी मागे उभा असताना पुढच्या गाडीचं बघितलंय. आरटीओच्या वायुवेग पथकाने पांढऱ्या पाटीची गाडी बाजूला घेतली, आत पाच बायका, देवदर्शनाला निघालेल्या. साहेबांनी ड्रायव्हरला काही विचारलंच नाही, मागच्या सीटवरच्या आजीला प्रेमाने विचारलं, आजी ड्रायव्हरचं नाव काय ओ? आजी म्हणाल्या, नाव नाय म्हाईत बाबा, पण साडेचार हजार ठरल्यात, डिझेल धरून. संपला विषय. त्या बायका मग एसटीने गेल्या.

दंड एकवेळ भरता येतो, खरी भीती विम्याची. प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याने वापरली तर कव्हर नाही असं लिहिलेलं असतं, अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम गेला, आणि जखमी माणसाला कंपनीने कोर्टाच्या सांगण्यावरून पैसे दिले तरी ते मालकाकडून वसूल करायला मागे लागू शकते. एका भाड्याच्या साडेचार हजारासाठी घर पणाला लावायचं का हे ज्याचं त्याने बघावं. मी मेव्हण्याला हा पर्याय तिथेच खोडायला सांगितला.

टुरिस्ट पासिंग, म्हणजे टी परमिट

कायद्याच्या भाषेत कंत्राटी वाहन. अर्थ साधा आहे, अख्खी गाडी एका ठरावाने जाते, इथून तिथे, आणि मधे ठरावात नसलेला माणूस चढत नाही की उतरत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, निम्मी भांडणं त्याच्यावरच होतात.

इथे पिवळी पाटी काळी अक्षरं. (इलेक्ट्रिक असेल तर हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली तर ती सेल्फ ड्राइव्हवाली, गोव्यात ढिगाने दिसतात, तो धंदा वेगळा, त्याच्यात ड्रायव्हरच नसतो.) परमिट पाच वर्षांचं. नव्या गाडीला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. वेग नियंत्रक ८० ला लॉक. एक्सप्रेस वेवर मागचे पॅसेंजर विचारतातच, मामा गाडी ओढत नाही का, आणि शेजारून पांढरी अर्टिगा सुसाट जाते, तेव्हा गप बसायचं. १ जानेवारी २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ट्रॅकिंगचं यंत्र आणि पॅनिक बटण लागतं, त्याचा रिचार्ज बघत जा, ऐन फिटनेसच्या दिवशी यंत्र बंद निघालं की दिवस गेला.

आता सीटचं गणित, हे शोरूमवाले सांगत नाहीत. ड्रायव्हर सोडून सहा माणसांपर्यंत मोटार कॅब. सहाच्या पुढे बारापर्यंत मॅक्सी कॅब. अर्टिगा सहा अधिक एक म्हणून कॅबमध्ये बसते. पण मोठ्या गाडीचं आठ सीटचं मॉडेल घेतलंत तर सात अधिक एक झालं आणि ती व्याख्येनेच मॅक्सी कॅब झाली, एका सीटने वर्ग बदलला. टॅक्स, परमिट सगळं त्या हिशोबाने विचारून घ्या, बुकिंगचे पैसे भरायच्या आधी.

मग येतो राज्याचं की ऑल इंडिया हा प्रश्न. साध्या टी परमिटवर महाराष्ट्रभर फिरता येतं. राज्याबाहेर जायचं तर प्रत्येक फेरीला तात्पुरतं किंवा स्पेशल परमिट आणि त्या राज्याचा टॅक्स. सातारा-पुणे-मुंबई एवढंच करणाऱ्याला हे पुरतं. पण कराडवाल्याचं तसं नाही ना, बेळगाव हाकेच्या अंतरावर, आणि गोवा, गोकर्ण, राघवेंद्र स्वामींचं मंत्रालय, तिरुपती ही भाडी सीझनला रांगेने येतात. त्याला ऑल इंडियाच बरं. हे पूर्वी फार किचकट होतं, २०२१ मध्ये नियम बदलले आणि मग १ मे २०२३ पासून नवे ऑल इंडिया टुरिस्ट नियम आले, अर्ज ऑनलाइन, सात दिवसांत निर्णय नाही दिला तर परमिट मिळालं असं धरलं जातं, आणि इलेक्ट्रिक गाडीला परमिटची फी नाही. फक्त एक अट कोणी वाचत नाही, प्रवाशांची यादी कायम गाडीत पाहिजे, कोण, कुठून, कुठे. कागदावर चालते, मोबाईलवर चालते. मी व्हॉट्सअॅपवर नावं मागवून घेतो निघायच्या आधी, पार्टीला आधी राग येतो मग सवय होते.

पैशाचं म्हणाल तर इथे मीटर नाही, दर आपण ठरवायचा. आमच्याकडे बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला ३०० किलोमीटर धरायचा रिवाज आहे, वर ड्रायव्हर भत्ता, टोल-पार्किंग पार्टीचं. रिकामं परतणं हे या धंद्यातलं खरं दुखणं, मुंबईला सोडून यायचं आणि परत येताना एकटाच गाणी ऐकत. तिथेच मोह होतो, पनवेलला हात करणारे उभेच असतात. त्याच्यावर शेवटी येतो.

काळी-पिवळी

दोन काळ्या-पिवळ्या आहेत हे आधी सांगतो, मराठवाड्यात काळी-पिवळी म्हटलं की लोकांना दहा-बारा माणसं कोंबलेली जीप आठवते, मी मुंबईच्या मीटरवाल्या टॅक्सीबद्दल बोलतोय. रस्त्यात हात केला आणि बसला हा हक्क या टॅक्सीचा. टुरिस्टला तो अजिबात नाही.

त्याच्या बदल्यात दर तुमचा नाही, सरकारचा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६. म्हणजे दहा किलोमीटरचे साधारण २०७ झाले. रात्री बारा ते पाच पंचवीस टक्के जास्त. आणि भाडं नाकारायचं नाही, तेही कायद्यातच आहे, भले रोज किती जण नाकारतात ते मुंबईकराला विचारा. जमेची बाजू म्हणजे गाडीचं आयुष्य, मुंबईत वीस वर्षं चालवता येते. शेवटची पद्मिनी (ती जुनी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी) ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली, ती ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, बरोब्बर वीस. आमच्या काकांची सगळी मुंबई पद्मिनीच्या मागच्या सीटवरून बघून झालेली, त्यांना त्या दिवशी जरा जास्तच वाईट वाटलं.

पण आपल्यासारख्या गावाकडच्या माणसाला हा पर्याय फारसा नाही. बॅज (प्रवासी गाडी चालवायचा आरटीओचा बिल्ला), पोलीस व्हेरिफिकेशन, रहिवासाचे कागद, वर मुंबईत राहायची सोय. आणि कोणी म्हणालं ना की माझ्या परमिटवर चालव, नोटरी करून देतो, तर हात जोडा. परमिट दुसऱ्याच्या नावावर करायला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते, शंभर रुपयांच्या स्टॅम्पने ते होत नाही. काही झालं की परमिटवाला म्हणतो मी ओळखत नाही याला.

लायसन्सबद्दल एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की साडेसात टनाच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, वेगळी नोंद लागत नाही. हे विम्याच्या भांडणात फार उपयोगी. पण बॅज तो बॅज, ते वेगळं प्रकरण, आपल्या आरटीओत जाऊन खिडकीवर विचारा, एजंटला नको.

अॅपला जोडणं

हे वेगळं परमिट नाही, हा मोठा गैरसमज आहे. गाडी तुमची टुरिस्टच, परमिट तेच, फक्त गिऱ्हाईक अॅप आणून देतं, आणि अॅगरिगेटरचं, म्हणजे गाडी-गिऱ्हाईक जोडून देणाऱ्याचं, लायसन्स ९३ व्या कलमाखाली त्या कंपनीने घ्यायचं असतं. म्हणजे टुरिस्ट की अॅप असा प्रश्नच चुकीचा, टुरिस्ट घेतल्यावर अॅपला जोडायची की नाही असा तो प्रश्न आहे.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, गर्दीच्या वेळी मूळ दराच्या दुप्पट आणि मंदीत निम्म्यापर्यंत घेता येईल, गाडी स्वतःची असेल तर भाड्याचे किमान ८० टक्के ड्रायव्हरला. महाराष्ट्राने त्याच्या आधीच मे महिन्यात आपलं धोरण आणलं, त्यात गर्दीत दीडपटच आणि सूट पंचवीस टक्क्यांपर्यंतच. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात पुण्यात काय चालतं ते सांगतो. तिथल्या परिवहन प्राधिकरणाने १ जानेवारी २०२४ पासून एसी कॅबला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे २५ रुपये ठरवलेत, दहा किलोमीटरचे अडीचशे झाले. स्वारगेटला मी स्वतः प्रवासी म्हणून बसलो, अॅपवर १७० दाखवत होतं, ड्रायव्हर म्हणाला काका मीटरने, म्हणजे या ठरलेल्या दराने द्यावे लागतील, आणि पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं एकाच धंद्यातली माणसं एकमेकांना नियम सांगत बसलो. शेवटी दिले मी अडीचशे. शेजारी घरच्यांनी तोंड फिरवलं.

जीएसटीचं मात्र अॅपमध्ये सोपं आहे, प्रवासावरचा पाच टक्के अॅपवाल्यानेच भरायचा. स्वतःची पार्टी करणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, एका गाडीवाल्याची काही त्याच्या वर जात नाही, गेली तर मला पण सांगा कसं ते.

माझं मत विचाराल तर पुणे, मुंबई, नाशिकमध्ये राहत असाल तर टुरिस्ट घेऊन अॅपला जोडा, पण दोन-चार ऑफिसची, हॉस्पिटलची कायमची भाडी हाताशी ठेवा, अॅपच्या भरवशावर हप्ता काढू नका. बँक टुरिस्ट गाडीला कमर्शियल लोन देते, व्याज जास्त, तो हप्ता अॅप मंदावलं म्हणून थांबत नाही. तालुक्याच्या गावात असाल तर अॅप सोडा, ऑल इंडिया घ्या आणि ट्रॅव्हलवाल्यांकडे नंबर देऊन ठेवा. आधीच घरात प्रायव्हेट गाडी असेल आणि ती बदलून टुरिस्ट करायची असेल तर आधी बँकेची एनओसी, मग आरटीओ, मग विमा नवा, या क्रमाने. उलट्या क्रमाने केलं की मधल्या काळात गाडी ना इकडची ना तिकडची.

आणि ते वडाप

सीटवर माणसं भरणं. आमच्याकडे वडाप म्हणतात. एक सीट शंभर रुपये, भरली की निघाली. यात बेकायदेशीर काय, गाडीला परमिट आहे की, असं दर दुसरा माणूस म्हणतो. परमिट आहे, पण अख्ख्या गाडीच्या ठरावाचं. माणूस माणूस वेगळा पैसा घेऊन थांब्या-थांब्यावर चढवायचा तर ते टप्पा वाहतुकीचं परमिट, आणि ते काम आपल्याकडे एसटीचं. म्हणून टुरिस्ट परमिट असूनही स्टँडबाहेर सीट भरताना पकडलं की तो परमिटच्या अटींचा भंग, कलम तेच १९२-अ.

मेव्हण्याने शेवटी अर्टिगाचीच टूर एम (टॅक्सीसाठीचं मॉडेल) घेतली, ऑल इंडिया काढलं. परवा पहिलं मोठं भाडं, कराडहून चार जण मुंबई विमानतळ. सकाळी सहाला फोन. "दाजी, पाचवडला एक जण हात करतोय, पुण्यात सोड म्हणतोय, पुढची सीट रिकामीच आहे, पार्टीची पण हरकत नाही. घेऊ?"

म्हटलं, यादीत नाव आहे का त्याचं?

"नाही."

"मग हॉर्न वाजव आणि नीघ."