पीव्हीसी पन्हळ: माल चांगला, फिटिंग घाईचं

खानापूर-जांबोटीकडच्या कौलारू घरांना सहा इंची पीव्हीसी पन्हळ पत्र्याच्या पन्हळीपेक्षा बरी, गंजत नाही. घोळ होतो तो बसवताना. क्लॅम्प तीन-तीन फुटांवर मारले की पाणी आणि ओल्या पाल्याच्या वजनाने मधेच पोट सुटतं. दोन फुटांवर एक क्लॅम्प हवा, स्क्रू जाड वाशात, कौलांखालच्या बारीक रिपेत नव्हे. दर दहा फुटांना अर्धा इंच उतार, दोरी ताणूनच; नजरेच्या अंदाजावर सोडू नये. जोडात पाच-सहा मिलिमीटर फट ठेवावी, कारण एप्रिलच्या उन्हात पीव्हीसी लांबतं आणि जागा नसली तर जोड उचकटतो. कौलाचं टोक दोन इंच पन्हळीत यावं, नाहीतर पागोळ्या मागच्या भिंतीवर. चाळीस फुटांना पाणी खाली उतरवणारे चार इंची पाइप दोन, दोन टोकांना; उतार मधून दोन्हीकडे. पाला अडवायची जाळी वेगळी विकतात. ती तुंबतेच, त्यापेक्षा मिरगाआधी शिडी लावून पन्हळ साफ करा.