उपवास-प्रार्थना शिबिर: मोहाला वचनाने उत्तर देण्याचा सराव

मोहापासून देवाचे संरक्षण मागण्यासाठी भरणाऱ्या शिबिरांत बहुधा सारा भर उपवासावरच असतो आणि उपवास जितका कडक तितकी प्रार्थना लवकर ऐकली जाते, असा सूर हळूहळू लागत जातो. मी नुकतीच ज्या निवासी शिबिराला हजेरी लावली, तेथे पहिल्याच सत्रात ही समजूत बाजूला ठेवण्यात आली. पाळकांनी बायबलमधील यशया या पुस्तकाचा 58वा अध्याय वाचला. उपवासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेणाऱ्यांना आणि कज्जे करणाऱ्यांना देव त्यात खडसावतो. उपवास देवाला राजी करण्यासाठी नसून, आपले मन कशाला चटावले आहे हे त्याच्यासमोर उघडे करण्यासाठी असतो, हे सूत्र पुढे जवळजवळ सर्व सत्रांत सांभाळले गेले.

शिबिराचा गाभा होता मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायाचा अभ्यास. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर भुकेल्या येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6व्या आणि 8व्या अध्यायांतील आहेत, म्हणजे रानात भुकेने आणि तहानेने कुरकुरलेल्या इस्राएलाला मोशेने जे बजावले त्यातलीच आहेत, हे फार बारकाईने उलगडून दाखवण्यात आले. त्याहून अंतर्मुख केले ते दुसऱ्या एका निरीक्षणाने: संरक्षणासाठी आपण ज्या 91व्या स्तोत्राचा आधार घेतो, त्याच स्तोत्रातील वचन सैतान येशूला मंदिरावरून उडी टाकायला सांगताना वापरतो. देव सांभाळील या भरवशावर मोहाच्या वाटेने मुद्दाम जाणे म्हणजे विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे होय, हे इतक्या स्पष्टपणे मी क्वचितच ऐकले आहे.

यालाच जोडून वहीतला एक सराव होता. आपल्या मनात मोह ज्या शब्दांत बोलतो ते वाक्य जसेच्या तसे लिहायचे, समोर एक वचन लिहायचे आणि खाली स्वतःच्या शब्दांत दोन ओळींची प्रार्थना. ‘आज फार दमलो आहे, एवढे चालेल’ असे वाक्य कागदावर उतरले की त्याचा पोकळपणा लगेच दिसतो. पोट रिकामे असताना तर अशी वाक्ये आपणहून वर येतात. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रिअस या संन्याशानेही आठ दुर्विचारांना उत्तरे म्हणून शास्त्रवचने अशीच निवडून ठेवली होती.

व्यवस्था चोख होती. नावनोंदणीच्या वेळीच मधुमेह, गरोदरपण, चालू औषधे यांची विचारणा झाली, आणि ज्यांना खाणे आवश्यक होते त्यांचे जेवण कोणाच्या नजरेत येणार नाही अशा बेताने ठेवले होते; उपवास गुप्तपणे करावा या येशूच्या शिकवणीला ते धरूनच होते. व्यसनावर उपचार घेणाऱ्यांनी ते थांबवू नयेत, असेही जाहीरपणे सांगितले गेले.

उणिवा दोन जाणवल्या. एका वक्त्यांनी मार्क 9:29 मधील ‘प्रार्थना व उपवास’ या पाठावर अख्खे प्रवचन उभे केले, परंतु काही प्राचीन आणि महत्त्वाच्या हस्तलिखितांत तेथे उपवासाचा उल्लेखच नाही, हे श्रोत्यांना सांगितले नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. समारोपाचा वेळ साक्षींमध्येच, म्हणजे आपापले विश्वासाचे अनुभव सांगण्यातच गेला, उपवास सोडला गेला आणि सर्वजण घरोघरी पांगले. परीक्षा आटोपल्यावर सैतान येशूला पुन्हा संधी मिळेपर्यंतच सोडून गेला, असे लूक सांगतो. म्हणून भरल्या पोटी, नेहमीच्या धावपळीत, फोन हाताशी असताना काय करायचे, याला एक पूर्ण सत्र हवे होते. आयोजकांना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी साक्षी थोड्या आटोपत्या घ्याव्यात आणि याकोब 5:16 प्रमाणे एकमेकांजवळ पाप कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करतील अशा जोड्या शिबिरातच लावून द्याव्यात.