स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर आठ महिने: दवाखाना, कढण आणि गोळ्या

मागच्या जूनमध्ये पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात माझी वजन कमी करण्यासाठीची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. यात दुर्बिणीतून जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी. कुठे केलंस, किती दुखलं, आता काय खातेस, हे नात्यात आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगून झालंय की आता लिहूनच टाकते. सर्जन कोण याची चौकशी सगळेच करतात. करावीच. पण तिथली आहारतज्ज्ञ कशी आहे आणि डिस्चार्जनंतर फोन उचलते का, हे त्याच्याइतकंच नीट विचारून घ्या.

आधी पैशाचं. विम्याच्या नियमांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि जोडीला हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह हवा. शल्यविशारदांच्या संघटनांनी २०२२ मध्ये शिफारशी बदलल्या आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करा म्हटलं, पण पॉलिसीचा कागद अजून जुनंच मोजमाप धरतो. माझा मधुमेह आणि झोपेतला श्वासाचा त्रास दोन्ही कागदोपत्री होते, म्हणून कॅशलेस मिळालं. तरी डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीची वाट बघत संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून होते. हे कुठल्याही दवाखान्यात होतंच, त्यामुळे त्याचे गुण कापत नाही.

शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनांचा आहार देतात. यकृताचा डावा भाग जठरावरच पसरलेला असतो. त्यात चरबी साठलेली असली की तो दुर्बिणीच्या वाटेत येतो. या आहाराने यकृत आक्रसतं. हे कारण समजल्यावर तो आहार पाळणं सोपं गेलं.

दवाखान्यातली एक गोष्ट मनापासून आवडली. माझ्या मापाचा गाऊन होता. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण आमच्यासारख्यांना ठाऊक आहे, सोनोग्राफीला गेलं की मागून उघडा राहणारा गाऊन धरून कसं चालावं लागतं ते. इथे प्रतीक्षागृहातल्या खुर्च्यांना हात नव्हते आणि बीपीचा पट्टाही मोठा होता. झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं माझं सीपॅप मशीन घरून आणायला सांगितलं होतं. तुमच्याकडे असेल तर विसरू नका, भूल उतरल्यानंतरच्या रात्री ते लागतं.

दुखण्याचं म्हणाल तर पोटावरच्या छोट्या छेदांपेक्षा खांदा जास्त दुखला. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छाती आणि पोटामधल्या पडद्याची नस चाळवते आणि कळ खांद्यात उठते. यावर चालणं हाच उपाय. त्याच संध्याकाळी सिस्टरने उठवून कॉरिडॉरमध्ये फिरवलं. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घट्ट मोजे आणि पोटात टोचायचं इंजेक्शन होतं. फुप्फुसांसाठी तीन चेंडूंचं ते फुंकायचं, खरं तर ओढायचं, यंत्र. दुसऱ्या दिवशी रंगीत द्रव पाजून टाके गळत नाहीत ना, ते बघितलं. मग पाणी, औषधाच्या झाकणाएवढ्या कपातून. वॉर्डातल्या मावशी दर वेळी बजावत, "ताई, घोट घोट घ्या, गटागटा नको." पहाटे चारला बीपी बघायला दिवे लावणं मात्र अजिबात आवडलं नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा स्वयंपाकघरात झाली. छापील आहारपत्रकात ब्रोकोलीचं सूप आणि कसली कसली स्मूदी होती. आहारतज्ज्ञ मॅडमनी ते माझ्यासमोर पेनाने खोडलं आणि विचारलं, "घरी कोण करतं? काय काय असतं?" मग मार्जिनमध्ये लिहून दिलं: मुगाचं कढण, वरणाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, नाचणीची पेज. सासूबाईंना हा कागद वाचता आला आणि पटलाही. पहिले दोन आठवडे पातळ, मग पुढे घोटलेलं, मग मऊ भात आणि मेतकूट. आषाढी एकादशीला "उपास धरू नकोस, देव काही रागावत नाही" असं सासूबाईंनीच सांगितलं.

अडचण प्रथिनांची. दिवसाला निदान साठ ग्रॅम हवीत. मी शाकाहारी. वाटीभर घट्ट वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम, आणि तेव्हा मला पाव वाटीच जायची. म्हणून व्हे पावडर, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची भुकटी, घ्यावीच लागते, तिला नाकं मुरडून भागत नाही. पनीर आता रोज. ताजी मऊ पोळी अजूनही अडकते. घास छातीत बसतो आणि तोंडाला फेसाळ लाळ सुटते. ताकात कुस्करलेली भाकरी मात्र सुखाने जाते. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, ही सवय लावून घेणं सगळ्यात जड गेलं. पानाशेजारी तांब्या-भांडं ठेवणारी माणसं आपण! गणपतीत अर्धा मोदक खाल्ला आणि धडधड सुरू झाली. बायपासवाल्यांना (हृदयाची नव्हे, वजनासाठीची जठराची दुसरी शस्त्रक्रिया) गोडाचा असा त्रास जास्त होतो म्हणतात, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत.

फायदा? साखर वजनाआधीच खाली आली. डिस्चार्जच्या वेळीच मधुमेहाच्या गोळ्या कमी केल्या होत्या. त्या आपल्या मनाने कमी करायच्या नाहीत, हे ओघाने आलंच. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने भूक जवळपास नव्हतीच. आता ती हळूहळू परत येतेय. वर्गात उभं राहून सलग तास घेता येतात. गुडघ्यांनी एवढं तरी कबूल केलंय.

तोट्यांत पहिला नंबर ॲसिडिटीचा. पूर्वी कधी नव्हती, आता रात्री उशी उंच लागते. ज्यांना आधीपासून आंबट पाणी घशाशी येतं, त्यांनी स्लीव्हआधी सर्जनशी बायपासबद्दल नक्की बोलावं. चौथ्या महिन्यापासून केस मूठमूठ गळले. हे तात्पुरतं असतं हे माहीत असूनही न्हाणीघरात रडू यायचं. आता नवे केस उगवताहेत. दंडाखालची सैल कातडी व्यायामाने जात नाही, आणि तिची शस्त्रक्रिया विम्यात सहसा सौंदर्याच्या खात्यात जाते.

गोळ्यांचं आधी कुणी फारसं बोलत नाही. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी होती, ती संपली. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत, म्हणून मोबाइलवर गजर लावून ठेवलेत. शिवाय ठरावीक काळाने रक्ताच्या तपासण्या. हा महिन्याचा खर्च पॅकेजच्या कागदावर कुठेच नसतो. ॲडमिट होण्याआधी औषधांच्या दुकानात ती यादी दाखवून आकडा विचारून घ्या.