तोफखान्याचे घरचे नियम: बरेच महिने खेळून झाल्यावर

अॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर हा दुसऱ्या महायुद्धाचा बोर्ड गेम खेळणाऱ्यांना माहितीये की बोर्डाबाहेरच्या तोफखान्याचे नियम हे एक वेगळंच प्रकरण आहे. आधी रेडिओ लागतो का ते फासे टाकून बघा, मग चिठ्ठी काढा, काळी निघाली तर बॅटरी (तोफांचा गट) तुमची, लाल निघाली तर बसा, मग स्पॉटिंग राउंड, म्हणजे अंदाजाचा गोळा, तो भरकटला की सुधारा आणि मग कुठे खरा मारा. थरार आहे, नाही म्हणत नाही. पण आमच्या ग्रुपला एक गोष्ट कायम खुपायची, तोफा कुठल्या दिशेला उभ्या आहेत याला काही किंमतच नाही, मधला हेक्स (बोर्डावरचं षटकोनी घर) आणि भोवतीचे सहा, झाला मारा. म्हणून घरचे नियम केले आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यावरच खेळतोय, बहुतेक नॉर्मंडी १९४४ चे सिनेरिओ.

पहिला नियम बाणाचा. सुरुवातीलाच बोर्डाच्या कडेला एक बाण ठेवायचा, तोफा त्या बाजूला. आता खरी तोफ डावी-उजवीकडे फार चुकत नाही, चुकते ती लांबीत, कारण नळीची झीज, बारूद किती गरम आहे, वारा, गोळ्याच्या वजनातला बारीक फरक, सगळं मिळून गोळा थोडा अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो. म्हणून आमचा मारा बाणाच्या रेषेत पाच हेक्स आणि मधल्याच्या दोन बाजूंना एकेक. हेक्स तेवढेच सात, फक्त लांबुडके. एक हेक्स ४० मीटरचा, म्हणजे साधारण २०० मीटर लांब पट्टा. भरकटणं पण तसंच, रेषेत दुप्पट, आडवं निम्मं.

ऐकायला किरकोळ वाटतं पण खेळ पार बदलला. ब्रिटिश प्लेअर २५ पाउंडर तोफांच्या भरवशावर सरळ पुढे घुसायला गेला तर तोफा त्याच्या पाठीशी, म्हणजे कमी पडलेला गोळा त्याच्याच स्क्वॉडच्या डोक्यावर. तोच हल्ला बाणाला आडवा केला तर माऱ्याला चिकटून जाता येतं. आमच्यातल्या एकाने सफरचंदाच्या बागेतून असा आडवा हल्ला काढला, जर्मन एमजी (मशीनगन) अजून माना खाली घालून होत्या तोवर हा पठ्ठ्या बांधाला भिडलेला. आधी असला विचार कोणी केलाच नसता.

तोफांना मारा कुठे पडतोय ते सांगणाऱ्या निरीक्षकाचं पण तसंच. गोळा डावीकडे पडला की उजवीकडे हे लगेच दिसतं, लांब पडला की जवळ हे कळणं अवघड. त्यामुळे स्पॉटिंग राउंड झुडपांच्या बांधामागे पडला तर समोरचा फक्त ‘पलीकडे’ एवढंच सांगतो, किती ते नाही. मग मुद्दाम एक अलीकडे टाका, एक पलीकडे, मग मध्ये. वैताग येतो पण मजा इथेच आहे.

दुसरा नियम वेळेचा, आणि माझ्या मते सगळ्यात भारी हाच. मारा मागितला की कागदावर हेक्स आणि टर्न लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची, मग खोडायचं नाही. टर्न दोन मिनिटांचा. ब्रिटिशांना एक टर्न थांबायचं, कारण त्यांचा आघाडीवरचा निरीक्षक ऑफिसर विनंती करत नाही, थेट हुकूम देतो. अमेरिकनांना दोन, फायर डायरेक्शन सेंटरमार्फत (माऱ्याचं गणित करून तोफांना हुकूम देणारं केंद्र) जायचं म्हणून, पण त्या बदल्यात त्यांना एका चिठ्ठीवर जास्त बॅटऱ्या जोडता येतात. जर्मनांना तीन. हे आकडे आमचे, वाद घालायला मोकळे. पण चिठ्ठी लिहिली की तुम्हाला शत्रू आत्ता कुठे आहे ते नाही, दोन ते सहा मिनिटांनी कुठे असेल ते ओळखावं लागतं, आणि तोवर आपलीच माणसं तिथे शिरली तर भोगा कर्माची फळं.

तिसरा छोटाच आहे, पहिल्या फैरीला उघड्यावर चालणाऱ्यांवर माऱ्याच्या तक्त्यात दोन कॉलम जास्त, नंतर नेहमीसारखं. माणूस एकदा आडवा पडला की नुकसान एकदम कमी होतं, अमेरिकनांनी सगळ्या तोफांचे गोळे एकाच क्षणी पाडायची पद्धत वापरली ती यासाठीच. झाडांवर फुटणाऱ्या गोळ्यांना मात्र हात लावला नाही, मूळ नियमच बरोबर आहेत.

आता रडगाणं. खेळ लांबतो, रविवारचं जेवण चार वाजता होतं. एकट्याने खेळणाऱ्याला चिठ्ठीचा काही उपयोग नाही, स्वतःपासून काय लपवणार! गोळ्यांचा हिशोब पण ठेवून बघितला, हिशोबनीस झाल्यासारखं वाटायला लागलं, सोडला. आणि सोव्हिएत बाजूचे हाल. त्यांना सगळा मारा आधीच लिहून द्यायला लावला, कारण त्यांची पद्धत आगाऊ आखणीवर चालायची, पण मग बिचारा प्लेअर आपला गोळा कधी पडतोय याची वाट बघत चहा पीत बसतो. त्यावर उपाय म्हणून ७६ मिमीच्या झिस-३ तोफा बोर्डावर सरळ माऱ्यासाठी दिल्या, रशियन त्या तशाही वापरायचेच, तेव्हा कुठे जान आली.

धुराचं अजून बसलेलं नाही. लांबुडका धूर आडवा लावायचा म्हटलं तर तोफा बाजूला हव्यात, आणि वाऱ्याचा मूळ नियम त्याला धरूनच नाही. सध्या धुरापुरते जुनेच सात गोल हेक्स वापरतोय.