सायकल डवरा पाहिजे? फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडं जा
रेडिमेड डवरा, म्हणजे पिकातलं तण काढायचं हातानं ढकलायचं अवजार, मागितला तर हा वेल्डिंगवाला भाऊ आधी आमच्या वावरात आला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधलं अंतर टेपनं मोजलं, मग मायच्या कमरेची उंची. डवरणी तीच करते, मला कशाला विचारायचं! जुन्या सायकलचं चाक नि भंगारातला पाइप जोडून त्यानं आधी कच्चा नमुना केला. काळी माती ओली झाली की फुगते, लोखंडाला चिकटते. नमुना तिथंच फसला. लगेच पास, म्हणजे तण कापायचं पातं, अरुंद केली, तिचा कोन बदलला, मूठ वर-खाली करायला दांड्याला भोकं पाडली. आता वाफसा असला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, की सरसर चालतो. रंगकाम मात्र भिकार, नि पावती मागितली की नुसता हसतो. ऐन डवरणीत जाऊ नका, लय थांबवतो.