फोटो अस्सल, पार्सलमध्ये नक्कल: अर्धपुतळे रंगवणाऱ्यांनो, हे वाचा

ऐतिहासिक अर्धपुतळे, म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंतची हातात मावणारी शिल्पं, रंगवणारी आपल्याकडची मंडळी मोजकीच आहेत, म्हणून प्रत्येकापर्यंत हे पोहोचावं अशी मनापासून इच्छा आहे. रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याचा) चांगला अर्धपुतळा परदेशातून मागवायचा तर मूळ किंमत, कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळून आकडा फुगतो. त्यामुळे भारतातल्याच कुणी "माझ्याकडे एक जास्तीचा आहे" म्हणून विकायला काढला, की आपण सगळेच तिकडे धावतो. मला फसवणाऱ्याचा धंदा याच धावण्यावर चालतो.

मला हवा होता नेपोलियनच्या ओल्ड गार्डमधला, म्हणजे त्याच्या निवडक अनुभवी पलटणीतला, ग्रेनेडियर शिपाई, एकास दहा प्रमाणातला, स्पेनमधल्या एका छोट्या कंपनीने काढलेला. रंगवणाऱ्याला या एका विषयात सगळं मिळतं. अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, तिच्यावर समोर गरुड उठवलेला धातूचा पत्रा, गडद निळ्या कोटाच्या छातीवरची पांढरी लॅपेल (उलटी दुमडलेली पट्टी), खांद्यावर लाल झुपके, कानात सोन्याच्या बाळ्या आणि अनेक मोहिमांत रापलेला मिशाळ चेहरा. या प्रमाणात डोकं जेमतेम सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचं असतं. पातळ केलेला रंग सुरकुतीत, केसांच्या खाचेत आपणहून उतरतो आणि सावली तयार होते. खाचच नसेल तर कितीही चांगला ब्रश हातात असून उपयोग नाही.

विक्रेत्याने सांगितलेली किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. बाहेरून मागवला तर सात हजारांच्या वर जात होता, हा ५,२०० म्हणाला. मी बॉक्सचा फोटो मागितला, सुट्या भागांचे मागितले, शेवटी माझं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो मागितला. सगळं तासाभरात आलं. गरुडाची पिसं वेगवेगळी दिसत होती. "सर, ओरिजिनलच आहे, बिनधास्त घ्या." मी यूपीआयने पैसे पाठवले.

मेख इथे आहे. त्याच्याकडे अस्सल नग खरोखरच होता. एकच. त्याच्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा, साच्यात स्वस्त रेझिन ओतायचं आणि गिऱ्हाइकाने मागितलेला प्रत्येक फोटो त्या अस्सल नगाचा काढून पाठवायचा. चिठ्ठी मागा, व्हिडिओ मागा, तो खराच निघणार. या छंदात नव्याने येणाऱ्याला आपण सगळे "चिठ्ठीसकट फोटो माग" असंच सांगत आलो आहोत, आणि नक्कल विकणाऱ्यापुढे तो सल्ला कुचकामी आहे.

पार्सलमध्ये बॉक्स नव्हताच, "वाटेत चेपतो म्हणून काढला" म्हणे. प्लास्टिकच्या पिशवीत पिवळट, तेलकट तुकडे. झिजलेल्या साबणाच्या वडीवर अक्षरं उरावीत तसा तो गरुड. टोपीची लव बुजलेली, साच्याची शिवण एका कानावरून सरकून गेलेली आणि बाळी अर्धीच. अस्सल नगात छातीच्या आतल्या बाजूला कंपनीचं नाव असतं, तिथे घासल्याच्या खुणा होत्या.

त्याच दिवशी त्याला कळवलं. उत्तर आलं, "सर, नुसत्या रेझिनवर डिटेल दिसत नाही. प्रायमर मारा, मग बघा." (प्रायमर म्हणजे रंगाआधी मारायचा अस्तराचा थर.) यात अर्धं खरं आहे, फिकट रेझिनवर बारकावे डोळ्यांना नीट दिसत नाहीतच. राखाडी प्रायमरखाली मात्र उरलंसुरलं उघडं पडलं. हनुवटीखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. गाल पॉलिश पेपरने पाण्यात घासला तर आतला बुडबुडा फुटून खड्डा पडला. भांड्यांच्या साबणाने धुऊनही कॉलरजवळ प्रायमरचे पापुद्रे निघाले, कारण साच्याला लावलेलं तेल तिथे मुरलेलं होतं. व्हॅक्यूम किंवा प्रेशर टाकी न वापरता ओतलं की हवा आत राहते, आणि ओतकामावरून पुन्हा ओतकाम केलं की प्रत्येक वेळी बारकावे बोथट होतात. मग त्याने शेवटचा संदेश पाठवला: "प्रायमर मारलात ना सर, आता परत कसा घेऊ?" आणि मला ब्लॉक केलं. तो प्रायमरचा सल्ला कशासाठी होता ते तेव्हा उमगलं.

कंपनीला फोटो पाठवले. हा आमचा नग नाही आणि हा माणूस आमचा विक्रेताही नाही, असं त्यांचं स्पष्ट उत्तर आलं. यातल्या बहुतेक कंपन्या म्हणजे दोन-चार माणसांचं काम असतं. एखादा शिल्पकार जीव ओतून चेहरा घडवतो, आणि अशी प्रत्येक नक्कल त्याच्या पुढच्या शिल्पाचे पैसे खाते. ५,२०० रुपयांपेक्षा मला याची चीड जास्त येते.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. शिल्प ही कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकृती आहे, त्यामुळे मूळ कंपनीही कारवाई करू शकते. पैसे अजून परत आलेले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी कंपनीलाच ईमेल करून विचारा, हा तुमचा विक्रेता आहे का. "नक्कल निघाली तर पूर्ण पैसे परत" हे त्याच्याकडून चॅटमध्ये लिहून घ्या. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि सगळ्यात आधी छातीची आतली बाजू बघा. संशय आला तर साबण, पेपर, प्रायमर काहीही लावू नका, विक्रेता काहीही म्हणो. घासायचंच झालं तर ओलं करून आणि मास्क लावूनच; रेझिनची धूळ फुप्फुसात जायला नको.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने पोलिश विंग्ड हुसारचा (पाठीला पंख लावणाऱ्या जुन्या पोलिश घोडेस्वाराचा) अर्धपुतळा विकतो आहे. फोटोखालचं हिरवं कटिंग मॅट तेच आहे, डाव्या कोपऱ्यात जळल्याचा गोल डाग असलेलं.